दुभत्या गायींचं कुरण : खत कमी पडतंय की भलत्या जागी साचतंय?

प्रश्न थोडक्यात असा. १०० दुभत्या गायी, ४० हेक्टर कुरण, गायीमागे वर्षाला सुमारे ६,००० लिटर दूध आणि दीड टन विकतचा खुराक. दरवर्षी मिश्रखत आणि युरिया पडतो, गोठ्यातली स्लरीही (शेण, मूत आणि धुण्याच्या पाण्याचं पातळ मिश्रण) कुरणावरच जाते. तरी लांबच्या तुकड्यांत गवत पिवळट राहतं, क्लोव्हर (गवतात मिसळून वाढणारा तिपानी शेंगवर्गीय चारा) जवळजवळ गेलाय आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दरवर्षी दोन-चार गायी आडव्या होतात. खताची मात्रा वाढवावी का?

वाढवू नका. निदान हिशेब मांडल्याशिवाय तरी नाही. दुभत्या गायींच्या कुरणात अन्नद्रव्यं संपतात कमी आणि सरकतात जास्त. मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद मुरवून साठवायच्या चाऱ्यासाठी, गवत कापलं जातं लांबच्या तुकड्यातून, ते खाऊन शेण-मूत पडतं गोठ्यात आणि तिथून स्लरी जाते टँकरला सोयीच्या जवळच्या तुकड्यावर. गायी रात्री ज्या तुकड्यात बसतात तिथे दिवसाच्या चराईतलं बरंचसं येऊन साठतं. काही वर्षांत एकाच रानात दोन वेगळ्या जमिनी तयार होतात. एक गोठ्याजवळची, भरलेली. दुसरी कडेची, उपाशी. सगळीकडे सारखं खत टाकलं की पहिलीवर पैसा वाया जातो आणि दुसरीची भूक तरीही भागत नाही.

आधी फाटकावरचा हिशेब करू, म्हणजे आत काय आलं आणि बाहेर काय गेलं. १,००० लिटर दुधातून साधारण ५.३ किलो नत्र (नायट्रोजन), ०.९५ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १.५ किलो पालाश (पोटॅशियम) जातं. (इथे स्फुरद आणि पालाश मूलद्रव्य म्हणून धरलेत. गोणीवर ऑक्साइडची टक्केवारी छापलेली असते. स्फुरदाच्या आकड्याला ०.४४ ने आणि पालाशाच्या आकड्याला ०.८३ ने गुणलं की मूलद्रव्य निघतं. हा फरक न पाळल्यामुळे हिशेब दुपटीने चुकलेले नेहमी दिसतात.) तुमच्या ६ लाख लिटरमधून वर्षाला सुमारे ३,२०० किलो नत्र, ५७० किलो स्फुरद आणि ९०० किलो पालाश बाहेर पडतं. विकलेल्या जनावरांचं जिवंत वजन १२ टन धरलं तर त्यातून आणखी ३०० किलो नत्र आणि ८०-८५ किलो स्फुरद जातं. पालाश त्यात नगण्य.

आता आत येणारं बघा. १८ टक्के प्रथिनांच्या एक टन खुराकात जवळजवळ २९ किलो नत्र असतं, स्फुरद ५ किलोच्या आसपास आणि पालाश ९ किलोच्या आसपास. १५० टनांतून ४,३०० किलो नत्र, ७५० किलो स्फुरद, १,३५० किलो पालाश येतं. म्हणजे एकही गोणी खत न आणता स्फुरदाचा हिशेब वर्षाला शंभरेक किलोंनी शिलकीत आहे आणि पालाशाचा चारशेवर. नत्रही हेक्टरी वीसेक किलो जास्तच येतंय, आणि यात युरिया किंवा क्लोव्हरने हवेतून ओढलेलं नत्र धरलेलंच नाही. शिवाय तुम्ही दरवर्षी मिश्रखत टाकताय. एवढं असून लांबचे तुकडे उपाशी राहत असतील तर प्रश्न मात्रेचा नाही, वाटपाचा आहे.

वाटप किती बिघडतं ते एका हेक्टरवर पाहू. लांबच्या तुकड्यातून वर्षात मुरघासाच्या दोन कापण्या, प्रत्येकी ४ टन शुष्क चारा (म्हणजे गवतातलं पाणी वजा करून उरलेलं वजन), मिळून ८ टन. गवताच्या शुष्क भागात २.५ टक्के नत्र, ०.३३ टक्के स्फुरद आणि २.५ टक्के पालाश धरा. त्या हेक्टरमधून २०० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २०० किलो पालाश उचललं गेलं. शेजारच्या फक्त चराईच्या हेक्टरमध्ये हेच आकडे फार लहान असतात, कारण गाय खाल्लेल्या नत्राचा सुमारे तीन चतुर्थांश भाग, स्फुरदाचा दोन तृतीयांश आणि पालाशाचा ८५ ते ९० टक्के भाग शेण-मुतातून परत टाकते. सलग पाच वर्षं कापणी झालेल्या आणि स्लरी न मिळालेल्या तुकड्यात हेक्टरी १,००० किलो पालाशाची तूट पडते. भारी चिकणमाती काही काळ आपल्या साठ्यातून ती भरून काढते. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच गवत मागे पडतं.

हे सगळं माती परीक्षणात दिसतं, पण नमुना नीट घेतला तरच. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हे जरा तपशिलाने सांगतो.

सगळ्या कुरणाचा एकच मिश्र नमुना निरुपयोगी असतो. भरलेल्या आणि उपाशी जमिनीची सरासरी नेहमी ‘ठीक’ येते आणि ती दोघींनाही लागू पडत नाही. रानाचे गट पाडा: गोठ्याजवळचे आणि रात्रीचे तुकडे, स्लरी मिळणारे तुकडे, मुरघासाचे तुकडे, फक्त चराईचे लांबचे तुकडे. जमिनीचा पोत किंवा उतार बदलत असेल तर तिथे आणखी एक गट. ४० हेक्टरसाठी सहा ते आठ नमुने होतील.

प्रत्येक गटात एक ठरलेली रेघ आखा. दोन खांब किंवा दोन झाडं खुणेला धरा आणि दर वेळी त्याच रेघेवर चाला. नळीच्या अवजाराने २० ते २५ ठिकाणची माती घ्या. फाटक, पाण्याचा हौद, सावलीची झाडं, चारा टाकायची जागा यांपासून १५ ते २० मीटर लांब राहा. शेणाचे पो आणि हिरवेगार मुताचे डाग टाळा. एकदा मुताच्या डागात नळी गेली की त्या नमुन्याचा पालाशाचा आकडा बिघडला.

खोली ७.५ किंवा १० सेंटीमीटर, तुमची प्रयोगशाळा ज्या खोलीवर शिफारस देते ती. नांगरटीच्या शेताची १५-२० सेंटीमीटरची सवय इथे चालत नाही. कुरण उलथलं जात नाही, त्यामुळे स्फुरद वरच्या थरातच बसून राहतं. खोल नमुना घेतला की खालची गरीब माती मिसळते, आकडा उतरतो आणि तुम्ही नसलेली कमतरता भरायला धावता. खत किंवा स्लरी टाकल्यावर निदान दोन-तीन महिने थांबा, चुनखडीनंतर त्याहून जास्त. दर वेळी वर्षातल्या त्याच महिन्यात आणि वापसा असताना नमुना घ्या. बादली प्लास्टिकची घ्या, कारण जस्त चढवलेल्या पत्र्याच्या बादलीने जस्ताचा आकडा खोटा येतो. गुठळ्या फोडून, काड्या-मुळं काढून माती मिसळा, अर्धा किलो सावलीत वाळवून पाठवा.

अहवाल आला की स्फुरद कोणत्या पद्धतीने मोजलंय ते आधी वाचा. ऑल्सेन, ब्रे, मेलिक, कॉलवेल या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. क्लोव्हर आणि राय गवताच्या दाट कुरणाला ऑल्सेनने २० ते ३० पुरेसं असतं. न्यूझीलंडमध्ये गाळाच्या आणि ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनींसाठी दुग्धकुरणाला हीच पातळी धरतात. आकडा १ ने वाढवायला, नेहमीची झीज भरून वर, गाळाच्या जमिनीत हेक्टरी ५ किलोच्या आसपास आणि राखेच्या जमिनीत ११ किलोच्या आसपास स्फुरद लागतं. १२ वरून २२ वर न्यायचं असेल तर गाळाच्या जमिनीत ५० किलो, म्हणजे ७ टक्के स्फुरद असलेलं सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे ७०० किलो. हे तीन वर्षांत वाटून द्या. उलट ज्या तुकड्याचा आकडा ४० च्या वर आहे तिथे स्फुरद पूर्ण बंद करा. कित्येक वर्षं उत्पन्नात फरक पडत नाही, आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाणारं स्फुरद बहुतेक अशाच तुकड्यांतून जातं.

अहवाल येईपर्यंत कुरणात चालून पाहा. मुताचे डाग बरंच काही सांगतात. भोवतालचं गवत फिकट आणि डाग गर्द हिरवे, उंच, कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर नत्राची उपासमार आहे. डागांतलं आणि बाहेरचं गवत जवळजवळ सारखं असेल तर नत्र पुरेसं आहे. तिथे युरिया टाकून फार काही हाती लागणार नाही. क्लोव्हर फक्त डागांतच दिसतो आणि बाहेर अजिबात नाही, अशी स्थिती असेल तर संशय पालाशावर घ्या, कारण मुतातून येतं ते नत्र आणि पालाश, आणि क्लोव्हरला नत्राची गरज नाही. त्याच क्लोव्हरची जुनी पानं उचलून उजेडात धरा. कडेला मोहरीच्या दाण्याहून लहान पांढुरके ठिपके, पुढे ते जुळून कड करपलेली, ही पालाशाच्या कमतरतेची खूण. याउलट शेणाच्या पोभोवतीच दाट क्लोव्हर असेल तर स्फुरद तपासा. स्फुरद जवळजवळ सगळं शेणातून येतं, मुतातून नाही. नवी पानं फिकट आणि जुनी हिरवी असतील तर गंधक कमी. जुनी पिवळी आणि नवी हिरवी असतील तर नत्र कमी. गंधकाची शंका असेल तर गवताच्या पानांत नत्र आणि गंधकाचं प्रमाण मोजून घ्या. एक भाग गंधकाला १५ भागांपेक्षा जास्त नत्र असेल तर गंधक द्यावं लागेल. सुपर फॉस्फेटमध्ये ११-१२ टक्के गंधक असतं, त्यामुळे स्फुरद त्या रूपात दिलं तर बहुतेक वेळा वेगळं काही लागत नाही.

खात्री हवी असेल तर पट्टी-चाचणी करा. उपाशी तुकड्यात शेजारी शेजारी चार पट्ट्या, प्रत्येकी ३ बाय १० मीटर: एकीत फक्त पालाश, दुसरीत फक्त सुपर फॉस्फेट, तिसरीत दोन्ही, चौथी कोरी. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका. चराईच्या दोन फेऱ्यांनंतर क्लोव्हर कुठे वाढला ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. अशी चाचणी मला प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण ती तुमच्याच जमिनीचं उत्तर देते.

जमिनीचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी जमीन आम्ल) ५.५ च्या खाली असेल तर खताचा विचार नंतर. त्या पातळीखाली जमिनीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळं आखूड करतं, क्लोव्हरच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत आणि स्फुरद अडकून पडतं. गवतासाठी ५.८ ते ६.० पुरे, क्लोव्हर हवा असेल तर ६.० ते ६.३. चांगल्या प्रतीची चुनखडी हेक्टरी १ टन टाकली की वरच्या थराचा सामू ढोबळमानाने ०.१ ने वाढतो, ५.४ वरून ५.९ वर जायला ५ टन. एका वेळी पृष्ठभागावर याहून जास्त नको. भुकटी बारीक पाहिजे: ९५ टक्के २ मिलिमीटरच्या आणि निदान निम्मी ०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवी. जाडसर खडे वर्षानुवर्षं तसेच राहतात. पूर्ण परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. जिप्समने सामू वाढत नाही. त्यातून कॅल्शियम आणि गंधक मिळतं, आम्लता जात नाही. मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) घ्या, पुढे गायींसाठीही त्याचा उपयोग आहे. क्रम मात्र पाळा: आधी स्लरी किंवा युरिया, आठ-दहा दिवसांनी चुनखडी. उलट केलं, ताज्या चुन्यावर स्लरी पडली, की अमोनिया हवेत उडून जातो. चुना दिल्यावर गवतात मॉलिब्डेनम वाढतं आणि ते गायीच्या पोटात तांबं अडवतं, म्हणून तांबं आधीच काठावर असलेल्या कळपात चुन्यानंतर जनावरांच्या रक्तातलं किंवा यकृतातलं तांबं तपासून घ्यावं.

आता स्लरी. तुमच्याकडचं सगळ्यांत मोलाचं खत हेच आहे आणि सगळ्यांत ढिसाळपणे वापरलं जाणारंही हेच. ६ टक्के घनपदार्थ असलेल्या गायीच्या स्लरीत घनमीटरला अडीच-तीन किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि २ ते २.७ किलो पालाश असतं. पण धुण्याचं पाणी किती मिसळतं त्यावर हे आकडे कितीतरी पटींनी बदलतात. दूध काढायच्या जागेचं नुसतं धुवण त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं पातळ असू शकतं. म्हणून वर्षातून एकदा तरी स्लरीची तपासणी करा. नमुना ढवळल्यानंतरच घ्यायचा, कारण घनभाग आणि त्याबरोबर स्फुरद तळाशी बसतं. पाच-सहा ठिकाणचं एकत्र करून, बाटली दोन तृतीयांश भरून, थंड ठेवून पाठवा.

ढवळताना जिवाला जपा. स्लरीची साय फुटली की हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. त्यानंतर माणूस काही श्वासांत कोसळू शकतो. गोठ्याखाली टाकी असेल तर आधी सगळी जनावरं बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, वाऱ्याच्या दिवशीच ढवळा, यंत्र चालू करून निदान अर्धा तास कोणीही जवळ जायचं नाही. टाकीत पडलेल्याला काढायला श्वसनयंत्राशिवाय कधीही उतरायचं नाही. अशा अपघातांत वाचवायला उतरलेली माणसंही दगावतात.

किती टाकायची ते वरच्या हेक्टरवरच मांडू. २६ किलो स्फुरद परत करायला सुमारे ५० घनमीटर स्लरी लागते. त्यातून पालाश सव्वाशे किलोच्या आसपास येईल, उरलेलं ७५ किलो म्युरेट ऑफ पोटॅशमधून द्यावं लागेल, म्हणजे १५० किलो खत. सगळं पालाश स्लरीतून भागवायला गेलात तर ८० घनमीटर लागेल आणि स्फुरद ४० किलो पडेल. दरवर्षी तसं केलं की स्फुरद साचत जातं. नत्राचं पाहा: ५० घनमीटरमध्ये एकूण १३० किलो, पण त्या हंगामात गवताला मिळणारं पन्नासेक किलोच. तेवढी युरियाची मात्रा कमी करा. हे पन्नासही वेळ साधली तरच. ढगाळ, थंड, वारा नसलेली संध्याकाळ, जमिनीत ओल पण चिखल नाही, आणि पुढचे दोन दिवस जोराचा पाऊस नाही. उन्हात-वाऱ्यात उंच फवाऱ्याने उडवली तर अमोनियाचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच जातो. पायपांनी जमिनीलगत सोडणारं यंत्र मिळालं तर त्याचा फायदा स्पष्ट आहे. गवतही कमी माखतं. एका वेळी २५ ते ३० घनमीटरपेक्षा जास्त नको. जाड थर गवत गुदमरवतो आणि पातळ स्लरी जमिनीच्या भेगांतून थेट खाली जाते. ओढ्या-विहिरींपासून अंतर राखा आणि त्या तुकड्यात निदान तीन आठवडे गायी सोडू नका.

टँकर किती टाकतो ते अंदाजाने धरू नका. १० घनमीटरचा टँकर, पसरण्याची रुंदी १० मीटर, रिकामा होईपर्यंत चाललेलं अंतर ३०० मीटर. क्षेत्र झालं ३,००० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरी ३३ घनमीटर. कमी हवी असेल तर त्याच प्रवाहावर ट्रॅक्टरचा वेग वाढवा. खत पसरणाऱ्या यंत्राचंही तेच. युरियाचे दाणे हलके, ते मिश्रखताइतके लांब जात नाहीत. रुंदी तीच ठेवली की दहा-बारा दिवसांत कुरणात गर्द-फिकट पट्टे उमटतात.

नत्राबद्दल माझं मत ठाम आहे: बाकी सगळं जागेवर असेल तरच युरियाला दाद मिळते. चांगल्या स्थितीत १ किलो नत्रामागे १० ते १५ किलो शुष्क चारा वाढतो. हेक्टरी ३० किलो नत्र, म्हणजे ६५ किलो युरिया, त्यातून ३०० ते ४५० किलो चारा. साधारण वीस-पंचवीस गायींचं एका दिवसाचं पोट. स्फुरद, गंधक किंवा पाणी कमी असेल तर हीच दाद निम्म्यावर येते. राय गवताला १० सेंटीमीटर खोलीवर मातीचं तापमान ६-७ अंशांच्या वर हवं, उष्ण प्रदेशातल्या गवतांना १५ च्या वर. चराईनंतर दोन ते पाच दिवसांनी, नवं पान फुटू लागलं की टाका. एका वेळी २५ ते ५० किलो नत्र, त्याहून जास्त नाही. उष्ण, ओलसर जमिनीवर पाऊस न पडता युरिया पडून राहिला तर चौथाई ते तिसरा हिस्सा अमोनिया होऊन जाऊ शकतो. एक-दोन दिवसांत ५ ते १० मिलिमीटर पाऊस किंवा तेवढं पाणी मिळालं की तो आत उतरतो. पाणी देणं शक्य नसेल तर एनबीपीटी (युरियाचा अमोनिया होणं लांबवणारं रसायन) लावलेला युरिया घ्या. पाणी साचलेल्या जमिनीवर टाकूच नका, तिथे नायट्रेटचा वायू होऊन जातो.

टाकल्यापासून निदान २१ दिवस चराई नको. कोवळ्या गवतात नायट्रेट साचलेलं असतं. लांबलेल्या कोरड्या काळानंतरचा पहिला पाऊस आणि त्यापाठोपाठ ढगाळ दिवस ही सर्वांत धोक्याची वेळ. शुष्क भागात नायट्रेट १ टक्क्याच्या वर गेलं की सावध व्हा. अशा तुकड्यात गायी उपाशीपोटी सोडू नका; आधी वाळला चारा, मग थोडा वेळ चराई. धाप लागलेली, डगमगणारी गाय आणि चॉकलेटी रंगाचं रक्त दिसलं तर तो तुकडा तत्काळ रिकामा करून पशुवैद्याला बोलवा.

क्लोव्हर परत आणणं हे युरिया कमी करण्याचं खरं साधन आहे. चांगल्या मिश्र कुरणात तो हेक्टरी वर्षाला १०० ते २०० किलो नत्र हवेतून घेतो. क्लोव्हरच्या प्रत्येक टन शुष्क वाढीमागे सुमारे २५ किलो. पण सतत युरिया मिळाला तर तो नत्र ओढण्याचं काम कमी करतो आणि उंच गवत त्याला सावलीत दाबून टाकतं. सामू, स्फुरद, पालाश जागेवर आणा, गवत ४ ते ६ सेंटीमीटरपर्यंत चरू द्या म्हणजे उजेड खाली पोचेल, आणि ज्या तुकड्यांत क्लोव्हर परत येतोय तिथे वाढीच्या भर काळात युरिया थांबवा. पहिल्या वर्षी चारा थोडा कमी पडेल, तो मुरघासात धरून ठेवा.

जास्तीचं नत्र कुठे जातं हेही पाहा. गाय एका वेळी दोनेक लिटर मूत टाकते, ते चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्शात मुरतं. त्या डागावर हेक्टरी ५०० किलो, कधी १,००० किलोच्या दराने नत्र पडतं. कोणतंही गवत एवढं उचलू शकत नाही. वाढ मंदावण्याच्या आणि पावसाळी काळाच्या तोंडावरचे डाग सर्वांत वाईट, कारण नायट्रेट सरळ भूजलात जातं. याच काळजीतून युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशात पशुखतातल्या नत्राला हेक्टरी वर्षाला १७० किलोची मर्यादा आली आणि न्यूझीलंडने २०२१ पासून कुरणावरच्या कृत्रिम नत्राला १९० किलोची मर्यादा घातली. तुमच्या हाती आहे ते असं: त्या काळात युरिया बंद, खुराकातली प्रथिनं कमी (कोवळ्या गवतावर गायींना १८ टक्क्यांच्या खुराकाची गरज नसते, १२-१४ टक्क्यांचा ऊर्जायुक्त खुराक पुरतो), ओल्या दिवसांत गायी काही तासच कुरणात. चिखलात तुडवलेली जमीन पुढचे कित्येक महिने खताला दाद देत नाही, म्हणून हा शेवटचा उपाय दोन्हीकडून फायद्याचा आहे.

सूक्ष्म द्रव्यांचं थोडक्यात. तांबं, कोबाल्ट, सेलेनियम, आयोडीन गवताला पुरून गायीला कमी पडू शकतात, म्हणून तिथे माती नव्हे, गवत आणि रक्त तपासायचं. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतलं अंतर फार कमी आहे. अंदाजाने कधीही देऊ नका.

आणि आता आडव्या होणाऱ्या गायी. त्याचा धागा पालाशापर्यंत जातो. गवताला पालाश मिळेल तेवढं ते गरजेपेक्षा जास्त उचलतं. स्लरीने भरलेल्या जवळच्या तुकड्यांत शुष्क भागात साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत जातं. हे पालाश गायीच्या पोटात मॅग्नेशियम शोषू देत नाही, त्यातून ग्रास टेटनी होते, म्हणजे रक्तातलं मॅग्नेशियम घसरून गायीला झटके येतात. व्यायच्या आधी असा चारा खाल्लेल्या गायीला हाडांतलं कॅल्शियम वेळेवर सोडता येत नाही, त्यातून दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय आडवी होणं. गाभण गायी नजरेसमोर राहाव्यात म्हणून गोठ्याजवळच्या तुकड्यात ठेवल्या जातात, आणि नेमकं तिथेच पालाश सर्वांत जास्त असतं.

गवताच्या तपासणीवरून धोका मोजता येतो. पालाशाच्या टक्केवारीला २५.६ ने गुणा. कॅल्शियमला ४९.९ ने आणि मॅग्नेशियमला ८२.३ ने गुणून दोन्हींची बेरीज करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. पालाश ३.५, कॅल्शियम ०.५, मॅग्नेशियम ०.१८ असेल तर ८९.६ भागिले ३९.८, उत्तर २.२५. २.२ च्या वर गेलं की टेटनीचा धोका आहे असं धरतात. मॅग्नेशियम ०.२ टक्क्याच्या खाली असलं तरीही.

म्हणून व्यायच्या आधीचे तीन आठवडे गायी लांबच्या, स्लरी न मिळालेल्या तुकड्यात ठेवा किंवा तिथला वाळला चारा त्यांना आणून द्या. जवळच्या तुकड्यांवर स्लरी आणि पालाश दोन्ही थांबवा आणि ते गवत कापून मुरघास करा, म्हणजे साचलेलं पालाश तिथून निघेल. मात्र हा मुरघास दुभत्या गायींना द्या, व्यायला टेकलेल्यांना नाही. इतर तुकड्यांवरही पालाश व्यायच्या हंगामाआधी न टाकता त्यानंतर, एका वेळी हेक्टरी ६० किलोच्या आत, विभागून द्या. व्याल्यानंतर गायीमागे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड मळीत किंवा खुराकात मिसळून रोज द्या. त्याची चव गायींना आवडत नाही, म्हणून प्रत्येकीच्या पोटात गेलं का ते पाहावं लागतं, आणि शरीरात मॅग्नेशियमचा साठा होत नसल्याने एक दिवसाचा खाडाही चालत नाही. गाय बिचकू लागली, कान-पापण्या फडफडू लागल्या, चाल ताठ झाली तर तिला हुसकावू नका, शांत ठेवून लगेच पशुवैद्याला बोलवा. टेटनीत हाताशी वेळ फार थोडा असतो.